एक्क्याऐंशी किलोंच्या वर

मी दोन्ही अंगठे त्याच्या खालच्या दातांवर ठेवले, बाकीची बोटं हनुवटीखाली धरली आणि हलकेच वर-खाली करून पाहिलं. उजवी बाजू जागची हलली नाही. डावीकडे, कानाच्या थोडं खाली, हाड माझ्या बोटांत लवलं.

"दुखतंय?"

"न्हाई."

त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. चेहरा मात्र तसाच.

"सही तेवढी करा, बाई. बाकीची फिकीर माझी."

सही म्हणजे फिटनेस सर्टिफिकेटवरची. फॉर्मवर छाती, डोळे, कान यांच्यापुढे इतर डॉक्टरांच्या सह्या झालेल्या होत्या. शेवटची ओळ दात आणि जबडा. ती माझी.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. दवाखान्यातल्या निम्म्या रजिस्टरांवर अजून उस्मानाबादचे शिक्के होते. मी मूळची नांदेडची, माझे वडील तिथे शिक्षक. दातांची सर्जन म्हणून माझी ही पहिलीच सरकारी पोस्टिंग. त्यात दुष्काळाचं साल. डेंटल विभागाला दिवसाला दोन बादल्या पाणी मिळायचं आणि पेशंटला चूळ भरायला अर्धा पेला द्यायचा, असा आमचा नियम होता.

समोर बसलेल्याचं नाव बसवराज. निलंग्याचा. वय एकोणतीस, वजन अठ्ठ्याऐंशी किलो. माझ्या खुर्चीच्या बाहेर त्याचे पाय हातभर लोंबत होते. घरचं भुसाराचं दुकान सोडून तो अठराव्या वर्षी फौजेत गेला, तिथे बॉक्सिंग शिकला आणि पुढे हेवीवेट गटात पदकं मिळवली. मग सरावात जबडा मोडला. डॉक्टरांनी तारांनी वरचे-खालचे दात एकत्र बांधले. सहा आठवडे तसंच राहायला सांगितलं होतं. याने तिसऱ्या आठवड्यात तारा स्वतःच कापल्या, कारण संघाची निवड होती. निवडीच्याच लढतीत त्याच जागी ठोसा बसला. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, उतरली, नोकरीची मुदत वाढवून मिळाली नाही, आणि तो निलंग्याला परत आला.

हे सगळं त्याने चार-पाच वाक्यांत सांगितलं. आपली चूक लपवली नाही.

आता पुण्याजवळच्या एका कारखान्यात खेळाडूंची भरती होती. त्यांना बॉक्सिंग संघासाठी एकच हेवीवेट हवा होता. चार महिन्यांनी नांदेडला राज्याची स्पर्धा होती, तिथल्या निकालावर माणूस घेणार होते. मराठवाड्यातून हेवीवेटसाठी याचं नाव गेलं होतं. फक्त सर्टिफिकेट राहिलं होतं.

मी एक्स-रे काढायला पाठवलं. ओली फिल्म खिडकीशी धरली तेव्हा सगळं दिसलं. खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालासारखं एकच वाकलेलं हाड. नाल जिथे वर वळतो त्या कोपऱ्यात डावीकडे काळी रेघ होती. रेघेच्या मधोमध अक्कलदाढ आडवी पडलेली. हाडाची दोन टोकं एकमेकांना धरायला बघत होती आणि दाढ पाचरीसारखी मध्ये बसली होती. शिवाय ती किडलेली. तिथला पू हाडाला जुळू देत नव्हता.

"डावा ओठ बधिर आहे का?"

"थोडा. चहा पिताना कळत न्हाई."

"भाकरी खाता?"

"कुस्करून."

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "यावर एक ठोसा बसला तर परत दोन तुकडे होतील. पुढच्या वेळी कदाचित जुळणारच नाहीत."

तो उठला. फॉर्मची नीट घडी केली. दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"मग उपाय काय हाय?"

उपाय सांगायला सोपा होता. दाढ काढायची, जागा साफ करायची, आणि पुन्हा सहा आठवडे तोंड तारांनी बंद. ही तार-बांधणी म्हणजे हाताला प्लास्टर घालतात तसंच. हाड हलू नये म्हणून खालचे दात वरच्या दातांना बांधून टाकायचे. तोंड उघडत नाही. जे काही पोटात जायचं ते पातळ, दातांच्या फटीतून.

मी आमच्या सिव्हिल सर्जनकडे परवानगी मागायला गेले. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"रेफर करा." रेफर म्हणजे पुढच्या मोठ्या दवाखान्यात पाठवणं.

"सर, तिथे नंबर लागायला महिना जाईल. त्याच्याकडे चारच महिने आहेत."

"तोंड बांधलेला पेशंट. गावी जाणार. उलटी झाली तर?"

"तारा कापायचं कटर त्याच्याजवळ देते. घरच्यांना शिकवते."

"एकदा त्याने कापल्यात ना?"

"हो, सर."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "जिम्मा तुमचा," म्हणाले आणि कागदावर सही केली.

पुढच्या बुधवारी दाढ काढली. पाऊण तास लागला. जबड्याचं हाड एवढं जाड मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग तारा. प्रत्येक दाताभोवती तार घालायची, पीळ द्यायचा, टोक हिरडीला बोचू नये म्हणून आत वळवायचं. दीड तासाने मी शेवटचा पीळ दिला आणि त्याचं तोंड मिटलं.

बाहेर बाकावर त्याचे वडील बसले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. बारीक अंगाचे, कपाळावर विभूती, खांद्यावर उपरणं. दुकान गड्यावर सोडून आले होते. मुलाने गादीवर बसावं ही त्यांची इच्छा, आणि बॉक्सिंग त्यांना कधीच पटलं नव्हतं. हे त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.

मी खाण्याची यादी दिली. दूध, डाळीचं पाणी, गाळलेलं अंबील, दुधात फेटलेली अंडी.

"अंडी आमच्या घरात येत न्हाईत," अप्पा म्हणाले.

बसवराज फौजेत अंडी खात होता. तो वडिलांकडे पाहत राहिला. बोलता येत नव्हतं फारसं.

"मग शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून त्यांचं दूध," मी म्हटलं. "फुटाण्याचं पीठ पातळ करून."

"ते दुकानात हाय. रोज देतो. दुधाचंच अवघड हाय, बाई. जनावरं छावणीत गेली. येतं ते नुसतं पांढरं पाणी."

मी कटर बसवराजच्या हातात दिलं. कोणत्या तारा कापायच्या ते आरशात दाखवलं. उलटी किंवा गुदमरल्यासारखं झालं तरच. "आणि थोडं वजन कमी होईल," मी सांगितलं. "घाबरायचं नाही. नंतर भरून येतं." हे मी प्रत्येक पेशंटला सांगायचे. तेव्हाही सांगितलं. त्याने मान हलवली.

पहिल्या आठवड्यात तारा घट्ट होत्या, हिरड्या बऱ्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात तो आला नाही, निरोप आला की ठीक आहे. तिसऱ्या आठवड्यात अप्पा एकटेच आत आले. बसवराज बाहेर उभा होता.

"बाई, जास्ती बोललो तर माफ करा. पण माल घटून राहिलाय."

"कसला माल?"

त्यांनी बाहेर बोट दाखवलं. "पोतं मोजायच्या काट्यावर मी त्याला दर सोमवारी उभा करतो. बांधला तेव्हा अठ्ठ्याऐंशी. मग पंच्याऐंशी. मग त्र्याऐंशी. काल साडेएक्क्याऐंशी भरला."

"एवढं होतं, अप्पा. तोंड उघडलं की—"

"एक्क्याऐंशीच्या खाली गेला की त्याला त्या गटात घेत न्हाईत."

मला समजलं नाही. तसं मी म्हटलं. मग त्या भुसार व्यापाऱ्याने मला, डॉक्टरला, बॉक्सिंगचे गट समजावून सांगितले. एक्क्याऐंशीच्या वर आणि एक्क्याण्णवपर्यंत तो हेवीवेट. लढतीच्या सकाळी काट्यावर उभं करतात. एक्क्याऐंशीच्या वर भरलं नाही तर खालचा गट, लाइट हेवी. त्या गटात आपल्याकडून नांदेडच्या एका मुलाचं नाव आधीच गेलेलं. आणि कारखान्याला माणूस हवा तो हेवीवेटच.

"कधी समजलं तुम्हाला हे?"

"त्याला पहिल्यापासून ठाऊक हाय. मला त्यानं काल पाटीवर लिहून दाखवलं. मी इचारलं, का जीव सुकवून राहिलास, तवा."

मी बसवराजला आत बोलावलं. गालफडं बसली होती, मान बारीक झाली होती. बंद दातांमागून तो सावकाश बोलायचा, नीट कान दिला तर कळायचं.

"मला आधी का सांगितलं नाही?"

"बॉक्सरचंच काम म्हणल्यावर... तुम्हाला ठाऊक असंल असं वाटलं."

मला ठाऊक नव्हतं. हेवीवेट हा शब्द मी ऐकला होता. त्याचा अर्थ जाड माणूस एवढाच माझ्या डोक्यात होता. वजन ही या माणसाच्या धंद्यातली पहिली अट आहे आणि माझ्या उपचाराने नेमकी तीच मोडणार आहे, हे मला सुचलंच नाही. मी त्याच्या जबड्याकडे बघत होते. ठोसा लागला तर हाड टिकेल का, एवढाच हिशोब मी केला होता.

"तारा काढा," तो म्हणाला.

मी बोटं लावून पाहिलं. हाड जुळायला लागलं होतं, पण ते ओलं होतं. नव्या हाडाला पहिले काही आठवडे ताकद नसते. दाबलं तर वाकतं, आणि वाकलं की पुन्हा रेघ पडते.

"आज काढल्या तर तुमचं वजन राहील," मी म्हटलं. "जबडा राहील असं मी सांगू शकत नाही. ठेवल्या तर जबडा नक्की जुळेल. वजनाचं मी सांगू शकत नाही."

"सही?"

"आज काढल्या तर सही नाही."

तो उठून खिडकीपाशी गेला. खाली आवारात टँकर आला होता, बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. तो तिकडे पाहत उभा राहिला. मग वळला, खिशातून कटर काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे तुमच्याकडं ठेवा."

मागच्या वेळी त्याने तारा कापल्या तोही तिसराच आठवडा होता.

मला ते ठेवून घ्यावंसं फार वाटलं. पण ते चालणार नव्हतं. उलटी झाली आणि जवळ कटर नसलं तर माणूस दोन मिनिटांत जाऊ शकतो. मी ते उचलून त्याच्या हातात परत दिलं.

"हे तुमच्याजवळच राहणार. झोपतानासुद्धा उशाशी."

त्याने ते परत खिशात घातलं.

"किती रोज ऱ्हायले?" अप्पांनी विचारलं.

"एकवीस."

त्यांनी मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोत्याकडे पाहावं तसं. "शहात्तरला जाईल," म्हणाले.

मी तारा काढल्या त्या दिवशी तो पावणेसत्त्याहत्तर भरला. कटर त्याने वापरलं नव्हतं. मधल्या काळात एकदा पित्त उसळून आलं, तेव्हा अव्वा, म्हणजे त्याची आई, कटर हातात घेऊन शेजारी बसून राहिली. तो ओणवा होऊन फटींतून गाळत राहिला, पण कापू दिलं नाही. मला हे नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी रागावले असते.

आता दहा आठवडे होते. पण सहा आठवडे बंद राहिलेलं तोंड लगेच उघडत नाही. सांधा आखडतो. पहिल्या दिवशी त्याच्या दातांमध्ये माझं एक बोट जेमतेम गेलं. आम्ही जीभ दाबून बघतो त्या लाकडी चपट्या पट्ट्या मी त्याला दिल्या. पाच पट्ट्या एकत्र करून दातांत धरायच्या, दोन दिवसांनी सहा, मग सात. बाविसाव्या पट्टीला तो भाकरीचा घास नीट चावू शकला. त्यात महिना गेला.

नव्या एक्स-रेत काळी रेघ पुसली होती. कोपऱ्यातलं हाड पांढरंशुभ्र दिसत होतं. मी सर्टिफिकेटवर सही केली. त्याच्या दातांचं माप घेऊन मऊ मटेरियलचा गार्ड करून दिला. हा गार्ड म्हणजे दातांवर बसणारं आवरण, ठोशाचा हिसका जबड्यापर्यंत पोचण्याआधी शोषून घेणारं.

स्पर्धेला मी रजा घेऊन नांदेडला गेले. आई-वडिलांकडे जायचंच होतं, असं मी दवाखान्यात सांगितलं.

वजनाच्या दिवशी सकाळी अप्पा आणि बसवराज मला मोंढ्यात भेटले. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार. अप्पांच्या ओळखीच्या अडत्याकडे त्यांनी मुलाला काट्यावर उभं केलं होतं. एकोणऐंशी किलो नऊशे ग्रॅम. दहा आठवडे शेंगदाणे, हरभरा, तूप जे मिळेल ते खाऊन, सराव करून, तो तिथवर आला होता.

"एक किलो शंभर कमी. वर थोडं जास्तीचं पायजे," अप्पा म्हणाले. "पाणी पी."

तांब्या भरून आणला. बसवराज उभ्याने प्यायला. दुसरा आणला. अर्ध्यावर त्याने तोंड फिरवलं.

"अजून," अप्पा म्हणाले.

त्याने तो संपवला. पुन्हा काट्यावर उभा राहिला. अप्पांनी खाली वाकून काटा बघितला, थोडा विचार केला आणि अजून एक पेला दिला. निलंग्यात त्या वर्षी घरटी दोन घागरी पाणी मिळत होतं.

स्टेडियमवर अधिकृत काट्यावर तो एक्क्याऐंशी किलो तीनशे भरला. कारकुनाने आकडा लिहिला आणि पुढच्याला बोलावलं.

पहिल्या फेरीत त्याच्यासमोर कोणी आलंच नाही. एवढ्या वजनाचे बॉक्सर आपल्याकडे मोजकेच, त्यातला एक आजारी पडला होता. त्यामुळे बसवराज थेट उपांत्य फेरीत गेला. तिथे समोर नव्वद किलोंचा माणूस होता.

तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. मला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही, म्हणून मी एकाच जागेकडे बघत होते, त्याच्या डाव्या कानाखाली. पहिल्या फेरीत तो चपळ होता, समोरच्याला तीन-चार वेळा चांगलं लागलं. दुसऱ्या फेरीत समोरच्याने अंगाचा भार टाकायला सुरुवात केली. मिठी मारायचा आणि ओझं टाकून दोरांकडे ढकलायचा. तिसऱ्या फेरीत त्याचा उजवा हात फिरून आला आणि बरोबर त्या कोपऱ्यावर बसला. मला आवाज ऐकू आला. बसवराज दोन पावलं मागे गेला, दोर पाठीला लागला, आणि तो परत पुढे आला.

शेजारी अप्पांनी उपरण्याचं टोक मुठीत धरलं होतं. शेवटची घंटा होईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

पाच पंचांपैकी चौघांनी कौल समोरच्याला दिला.

कपडे बदलायच्या खोलीत मी त्याला बाकावर बसवलं आणि दोन्ही अंगठे खालच्या दातांवर ठेवले. हाड हललं नाही. जोर लावला. नाही हललं.

"पक्कं आहे," मी म्हटलं.

त्याने गार्ड हातात घेऊन पुसला. दम लागलेला होता, म्हणून शब्द तुटत होते.

"जबडा न्हाई सरकला, बाई. मी सरकलो. तो ढकलायचा आन माझे पाय उचलायचे. मागच्या वजनावर असतो तर उभा ऱ्हायलो असतो."

अप्पांनी त्याच्या पाठीवर टॉवेल टाकला आणि म्हणाले, "चल. गाडी हाय पावणेसातची."

उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही तिसरा नंबर मिळतो. त्यालाही मिळाला. कारखान्याने पहिल्या नंबरचा माणूस घेतला. बसवराज पुढची दोन वर्षं लाइट हेवी गटात खेळला, एकदा राज्यात दुसरा आला. त्या वर्षी कुठेच भरती नव्हती. मग वय झालं. शेवटी तो निलंग्याच्या दुकानात बसला. अप्पा थकले होते, आणि त्यांना बरं वाटलं असणार. बसवराजला काय वाटलं ते मी कधी विचारलं नाही.

मी सही नाकारली ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. तारा ठेवल्या तेही बरोबर होतं. जबडा वाचला. पण मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर पहिल्या आठवड्यापासून खाण्याचा नीट बंदोबस्त करता आला असता. दवाखान्यात ठेवून घेतलं असतं तर तिथल्या स्वयंपाकघरातून दूध मिळालं असतं. फौजी माणसाला अंडी अप्पांच्या घरात नाही, तरी माझ्या विभागात बसून घेता आली असती. चार किलो वाचले असते, कदाचित पाच. त्याने तो हरला नसता असं मी म्हणत नाही. ती लढत मात्र त्याला जास्त वजनावर लढता आली असती.

पुढे हाडावर बसवायचे स्क्रू आणि धातूच्या पट्ट्या आल्या. आता मोडलेल्या जबड्याचा पेशंट तिसऱ्या दिवशी मऊ भात खातो. पण त्याच्या आधीची काही वर्षं मी तारांवरच काम केलं, आणि प्रत्येकाला बांधण्याआधी एक प्रश्न विचारायचे. सहा आठवडे तोंड बंद राहिलं तर तुमचं काय काय अडेल?

उदगीरच्या अडत बाजारात लिलावाची बोली पुकारणारा एकजण आला होता. त्याने विचार करून सांगितलं, "माझी सगळी रोजी तोंडावरच हाय, डाक्टरीणबाई." त्याचा हंगाम संपायला बारा दिवस होते. तुकडे जागेवर होते, म्हणून मी बाहेरून पट्टी बांधून बारा दिवस थांबले आणि मग तारा घातल्या. हाड थोडं तिरकं जुळलं. त्याने तक्रार केली नाही. मला ते अजून खटकतं. पण त्याला विचारून केलं होतं.